हायेलचं दोनशे वर्षांचं खमीर

खायला काळ आणि भुईला भार म्हणजे काय, ते बघायचं असेल तर आमच्या झऱ्यापाशी या. तुतीखाली खुर्ची टाकून बसलेला तो मिशीवाला माझा दीर, हायेल. जन्मात कुदळ धरली नाही. जैतुनाच्या काढणीला याची हटकून पाठ धरायची. लष्करात गेला, तर तिथेही कोठारात बसून पोट वाढवून आला. पुढे गालीलात बस भरभरून पाहुणे यायला लागले आणि या ऐतोबाला एकदम गावाचा इतिहास आठवला.

इतिहास कसला, नुसती फुशारकी! पीठ मी मळायचं, उपड्या तव्यावर भाकऱ्या मी भाजायच्या, आणि हा मडक्याचं झाकण उघडून पाहुण्यांना सांगणार, "हे आमच्या द्रूझ घरातलं खमीर. दोनशे वर्षांत कधी मेलं नाही. वल्हांडण सण संपला की गावचे यहुदी वाडगं घेऊन आमच्या दारात भीक मागायला यायचे."

भीक म्हणे! त्या सणात यहुदी घरात खमिराचा कणसुद्धा ठेवत नाहीत. आहे ते टाकून देतात आणि बेखमीर भाकर खातात. आम्हा द्रूझांचा धर्म वेगळा, आम्हाला ही बंदी नाही; म्हणून सण सुटला की शेजारच्या द्रूझ घरातून नवा गोळा न्यायचा, ही गावाची रीत. तिला कुणी कधी मागणं म्हटलं नाही. फार पूर्वी दंगे झाले तेव्हा यहुदी गाव सोडून गेले, परतले थोडेच. आता आमच्या आळीत एकटी मसऊदा मावशी उरलीय, आमच्या भिंतीला भिंत लागून. दर सणाला ती वाडगं घेऊन यायची, माझ्याकडे कॉफी प्यायची आणि अख्ख्या गावाची उणीदुणी काढून मगच उठायची.

यंदा सण सुटला, दिवे लागले, तरी मावशी आली नाही. मग मीच गेले. ती थंड चुलीपाशी बसली होती.

"यापुढे दुकानातला पाव खाईन," ती म्हणाली. "झऱ्यावरून येताना ऐकलं मी. भिकारीण आहे म्हणे."

मला दिराची अशी शिसारी आली म्हणून सांगू! खरं काय ते सासूने मरण्याआधी मला सांगितलं होतं. हायेलच्या बाळंतपणात ती तापाने अंथरुणाला खिळली, मडक्यातलं खमीर नासून गेलं, आणि तेव्हा तरण्या मसऊदाने आपल्या घरी नव्याने आंबवलेला गोळा आणून दिला. म्हणजे याचं वय तेवढंच त्या खमिराचं. त्यावर पोसलेला हा बैल, आणि डरकाळ्या फोडतो तिच्याच दारापुढे.

मी घरी आले, मडक्यातलं सगळं खमीर काढलं आणि मावशीपुढे नेऊन ठेवलं. म्हटलं, तुझंच आहे, ठेव.

सकाळी बस आली. हायेलने ऐटीत झाकण उचललं, तर आत मडकं घासूनपुसून लख्ख! तोंड पाडून माझ्याकडे आला.

"वहिनी, खमीर कुठाय?"

"जिथून आलं होतं तिथे, मावशीकडे गेलं. वाडगं घ्या आणि जा."

गेला बापडा, मागच्या बोळातून, चोरासारखा. मावशीने वाडगं भरून त्याच्या हातात दिलं. हा वळतो तो काय, बसमधली सगळी मंडळी त्याच्या मागोमाग आलेली, फोटो काढत उभी. माणसाने निदान तेव्हा तरी गप्प बसावं. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"बघा," म्हणाला, "आजही या म्हातारीला मी स्वतः खमीर आणून देतो."

मावशीने आवाज चढवला नाही. दोन्ही हात पुढे केले.

"आणलंस ना, पोरा? मग दे."

हायेलने भरलं वाडगं तिच्या हातात परत ठेवलं. बसवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.