फादर येईपर्यंत

संस्थान विलीन झालं त्या वर्षी मी कोल्हापूर सोडलं, आणि सोडताना स्टेशनवर चारचौघांदेखत मायशी भांडले. भांडण मटणावरून. शेजारच्या जिजाक्कानं पहाटे उठून सुकं मटण केलं होतं. पोरगी नवऱ्याबरोबर पुण्याला निघाली म्हणून डबा गच्च भरून दिला होता. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा मायच्या ध्यानात आलं की आज शुक्रवार. येशूनं शुक्रवारी मरण सोसलं, म्हणून आम्हा कॅथलिकांच्या घरी शुक्रवारी मटण वर्ज्य. तिनं माझ्या मांडीवरचा डबा उचलला, सगळं मटण एका हमालाच्या भाकरीवर ओतलं आणि रिकामा डबा परत खिडकीतून आत दिला. “मरत न्हाईस उपाशी. मिरजंला केळी घ्या,” म्हणाली. माझ्या नवऱ्यानं, जोसेफनं, तो बिचाऱ्यानं पिशवीत टाकला. लेक परगावी निघाली की लोकांच्या आया रडतात, आणि आमची मटण वाटत होती.

गल्लीतल्या माणसांनो, तुम्हाला यात नवल वाटायचं नाही. तुम्ही तिला मरीबाई म्हणायचा आणि तिच्या वाटेला जायचा नाहीत. पण माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्या पोरांना हे कोण सांगणार? माय मूळची आजऱ्याकडची. नऊवारी नेसायची, डोक्यावर पदर, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. वडील गेल्यावर लोकांची पोलकी शिवून तिनं मला वाढवलं. अख्ख्या गल्लीत आमचं एकच कॅथलिक घर, आणि आमच्या बाजूला तेव्हा चर्च नव्हतं. महिन्यातल्या एका रविवारी फादर लांबून सर्व्हिस मोटारीनं, पुढं एसटीनं यायचे आणि आमच्या पुढच्या खोलीत मिस्सा, म्हणजे आमची उपासना, करायचे. आसपासच्या गल्ल्यांतली आमच्यातली पाच-सात घरं गोळा व्हायची. शिवणाचं मशीन बाजूला सारून मेजावर पांढरी चादर घातली की झालं आमचं चर्च.

आता यातली गोम ऐका. तेव्हाचा नियम असा की कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र भाकरीचा प्रसाद, घ्यायचं तर आदल्या मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. जिथं सकाळी सहाला मिस्सा होते तिथं हे ठीक. आमचे फादर मोटारीवर अवलंबून, आणि मोटार देवाच्या मर्जीवर. दहा वाजायचे, अकरा वाजायचे, बाजूच्या घरातून फोडणीचा वास यायचा, आणि आम्ही भिंतीला टेकून बसलेलो. कधी गाडी बंद पडून फादर यायचेच नाहीत. तरी ही बया तोंडात पाणी घालायची नाही. का, तर म्हणे, “फादरबी वाटंत उपाशीच असत्याल की. पावणा उपाशी आन् घरवाली जेवून बसलीया, हे कुठल्या गावात बगितलंस?” फादर म्हणजे तिच्या लेखी आधी पाहुणा, मग फादर.

पुढं रोमहून नियम सैल झाला, पाणी प्यायला मुभा मिळाली. फादरांनी स्वतः तिला समजावलं. तिनं मान डोलावली आणि ते गेल्यावर म्हणाली, “ल्हान हाईत अजून.” पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय? व्हायचं तेच झालं. एका उन्हाळ्यात फादरांची वाट बघता बघता उंबऱ्यात चक्कर येऊन पडली. जिजाक्कानं माणसाबरोबर पुण्याला निरोप धाडला, “म्हातारीला घिऊन जा, न्हाईतर एक दिस अशीच जाईल.” मी त्याच आठवड्यात आले, तिचं मशीन जिजाक्काच्या घरी ठेवलं, खोलीला कुलूप घातलं आणि तिला घेऊन गेले. एकुलती एक लेक मी. ती डोळ्यांसमोर असावी, एवढंच मला हवं होतं.

आम्ही कॅम्पात राहायचो. चर्च हाकेच्या अंतरावर, रोज मिस्सा, वेळेवर. कोपऱ्यावर बेकरी, पाव-बटर, खाली राहणाऱ्या मिसेस अमुक आणि मिस्टर तमुक. मला वाटलं, माय इथं सुखानं राहील. कसलं सुख! पहिल्याच रविवारी टोपीवाल्या एका बाईनं तिची नऊवारी पाहून विचारलं, कुणाकडे कामाला आहेस? माझा संतापानं जीव जायची वेळ आली. माय शांतपणे म्हणाली, “कुणाकडं न्हाय. मी कोल्लापूरची.” आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली.

संध्याकाळी आमच्याकडे दुसरं रण. माझी लेक लिली कॉन्व्हेंटात जायची, ती इंग्रजीत “हेल मेरी” म्हणायची. तीच प्रार्थना माय तिच्या वरताण आवाजात मराठीत “नमो मरिये” म्हणायची. आजी-नात जपमाळ म्हणतायत की तंडतायत, हे शेजाऱ्यांना कळत नसे. मी दोघींवर ओरडायचे. तरी लिली झोपायला तिच्याच कुशीत जायची. मला ते बघून बरं वाटायचं, आणि आता ही राहील अशी आशा वाटायची.

राहिली नाही. फादरांच्या रविवारच्या आधी तिनं गाठोडं बांधलं. माझा पाराच चढला. म्हटलं, इथं रोज मिस्सा आहे, डॉक्टर आहे, नात आहे, तिथं काय आहे तुझं? तर म्हणाली, “हितं मी गेले न्हाई तर मिस्सा ऱ्हाती व्हय? तिथं फादर एवढ्या लांबनं आलं, दाराला कुलूप बगून परत गेलं, तर?” मी म्हटलं, “जिजाक्का उघडेल दार.” “उघडंल की. आन् आमेन कोण म्हननार, तिच्या म्हशी?”

जोसेफ हसला. मी नाही हसले. तिला गाडीत बसवलं आणि घरी येऊन भांडी आपटली.

पुढच्या वैशाखात एका रात्री जिजाक्काच्या पोराची तार आली, माय आजारी आहे, लगेच निघा; मी पहाटेची गाडी धरली. मी पोचले तेव्हा दुपार टळत आली होती. माय पहाटे झोपेतच गेली होती. फादरांना निरोप गेला होता, पण त्यांची एसटी घाटात अडकलेली. त्यांच्याशिवाय माती देता येईना. पुढच्या खोलीत तिला निजवलं होतं आणि आपली ती पाच-सात घरं भिंतीकडेला बसली होती.

मी पाणी आणायला जिजाक्काच्या स्वयंपाकघरात शिरले. चूल गार. सकाळचं दूध न तापवल्यामुळं नासून पातेल्यात फुटलेलं. पलीकडच्या घरात गेले, तिथंही तेच. साऱ्या गल्लीत धूर म्हणून नव्हता. मयत उचलल्याशिवाय चूल पेटवायची नाही, ही आपल्याकडची रीत मला का माहीत नव्हती? पण सकाळपासून? या उन्हात? मी जिजाक्कावर खेकसलेच, “तुम्हाला शुगर आहे ना? फादर कधी येतील याचा नेम नाही. दोन घास खाऊन घ्या.”

“गप बस,” जिजाक्का म्हणाली. “मयत दारात आन् आमी जेवायचं व्हय? पुण्याला जाऊन लई शानी झालीस.”

दिवे लागायच्या सुमाराला फादर आले. धुळीनं माखलेले, तेही उपाशीच. माती दिली तेव्हा अंधारलं होतं. परत येताना गल्लीच्या तोंडाशी पहिला धूर दिसला आणि मी रस्त्यातच बसून रडले. उपासापायी जिच्याशी मी जन्मभर भांडले, तिच्यासाठी मटण खाणारी अख्खी गल्ली दिवसभर फादरची वाट बघत उपाशी बसली होती.

पुण्यात माझं चांगलं चाललंय. गेल्या महिन्यात खालच्या मिसेस वारल्या. आम्हाला ते संध्याकाळी कळलं, बेकरीतून केक घेऊन येताना. चांगली बाई होती, म्हणालो, आणि वर जाऊन चहा टाकला. मग मला मायचा असा राग आला की काय सांगू. ती जे घर सोडायला तयार नव्हती तसलं घर माझं कुठं आहे? उद्या मी गेले तर मिस्सा वेळेवर होईल, फादर वेळेवर येतील, आणि जिन्यातल्या प्रत्येक दारामागं स्टोव्ह पेटलेला असेल.