औषधवाल्यांची पाहुणी

गल्लीत त्यांना सगळे औषधवाले म्हणत, आणि त्यामुळे अधूनमधून एखादं परकं माणूस दार वाजवून खोकल्याचं औषध मागे. मग त्यांची बायको आतूनच ओरडे, "आहे की! घेतलंत तर खोकला कायमचा जाईल, आणि त्याच्याबरोबर तुम्हीही!" कारण औषधवाले मारायचे ते झुरळांचं औषध. ढेकूण, मुंग्या, वाळवी, कोळी, सगळ्यांना एकच न्याय. पाठीला पंप, हातात नळी, तोंडाला फडकं, आणि निघताना गिऱ्हाइकाला ऐकवायची ठरलेली वाक्यं: "आधी त्यांचं खाणं सुटेल. मग थरथरतील. मग चितपट. दार लावून घ्या, उद्या केरसुणी घेऊन या."

तर अशा माणसानं किडा पाळला. हसा, हसा. सगळी गल्ली हसली, मग तुम्हीच का मागे राहता?

झालं काय, एका बाईंनी त्यांना बाल्कनीतली झाडं फवारायला बोलावलं होतं. औषधवाल्यांनी नळी उचलली आणि समोरच्या फांदीवर एक हिरवा, लांबट किडा पुढचे दोन हात जोडून उभा दिसला. त्यानं मान वळवली आणि सरळ यांच्याकडे पाहिलं. आता झुरळ कधी मान वळवून बघत नाही. झुरळ पळतं, आणि पळणाऱ्यावर औषध मारायला काही वाटत नाही. पण "काय काम काढलंत?" असं विचारल्यासारखा जो मान वाकडी करून बघतो, त्याच्यावर नळी धरायची कशी? औषधवाल्यांनी नळी खाली केली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जेवणाचा डबा रिकामाच होता, त्यात त्याला अलगद घातलं आणि मगच फवारणी केली.

संध्याकाळी बायकोनं डबा घासायला उघडला. पुढची किंकाळी तीन मजल्यांवर ऐकू गेली.

"नाकतोडा! अहो, डब्यात नाकतोडा!"

"नाकतोडा नव्हे गं. नाकतोडा गवत खातो. हा प्रार्थना कीटक. मादी आहे बहुतेक. बघ, हात कसे जोडलेत."

"हात आपल्या इमारतीचे सेक्रेटरीही जोडतात. म्हणून त्यांना डब्यात घालून आणाल?"

"दोन दिवस राहील. पाहुणी समज."

पाहुणी ती पाहुणीच झाली, आणि पाहुण्यांचं तुम्हाला माहीतच आहे. रुंद तोंडाच्या बरणीत तिची सोय लागली. तोंडाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा, त्यावर रबरबँड, आत एक काटकी. पाणी शिंपडायला नवी कोरी बाटली, कारण घरातल्या बाकीच्या सगळ्या बाटल्यांनी कधी ना कधी विष पाहिलेलं. आता प्रश्न जेवणाचा. पाहुणीला लागे जिवंत शिकार, आणि औषधवाल्यांच्या घरात तर औषधालासुद्धा माशी नव्हती! इतकी वर्षं या गोष्टीचा त्यांना केवढा अभिमान. तोच आता असा अंगाशी आला.

मग स्वारी हातात काचेचा पेला घेऊन फळवाल्याकडे गेली.

"दोन माशा मिळतील का?"

फळवाल्याचा चेहरा पडला. "आमच्याकडे माशा नसतात, काका."

"अरे, एक तरी असेल. बघ ना, त्या पपईवर..."

"हळू बोला! गिऱ्हाईक आहे!"

"आणि औषध कधी मारलं होतंस इथे? मारलं असेल तर मला चालणार नाही."

"कध्धीच नाही मारलं," फळवाला छाती काढून म्हणाला, आणि पपई दाबून बघणाऱ्या बाईंनी पपई खाली ठेवली. तेव्हापासून फळवाला त्यांना दुकानाच्या मागच्या बाजूला न्यायचा आणि काय हव्या तितक्या माशा धरू द्यायचा, फक्त पुढे येऊ नका म्हणायचा.

पण माशीपेक्षा मोठं संकट औषधवाल्यांच्या स्वतःच्या हातात होतं. हाताला औषधाचा अंश जरी राहिला आणि बरणीला लागला, तर पाहुणी संपली. ते घासून घासून अंघोळ करत, नखांत ब्रश घालत. पण गेलंय की राहिलंय हे कळणार कसं? वास घ्यायला नाक हवं, आणि औषधवाल्यांचं नाक या धंद्यानं केव्हाच खाल्लं होतं. दूध करपून घर धुरानं भरलं तरी यांना पत्ता नसे.

तेव्हा ते बायकोपुढे हात पसरून उभे राहिले. "जरा हुंगून सांग ना."

"हे बरंय! नाक तुमचं तुटलेलं, नोकरी माझ्या नाकाला, आणि वर म्हणे हा नाकतोडा नव्हे!" असं म्हणून तिनं त्यांचे हात धरले, नाकापाशी नेले, नापास केलं आणि परत मोरीत धाडलं. दुसऱ्या खेपेला पास झाले.

हे मग रोजचंच झालं. एक सांगायला हवं. लग्न झाल्यापासून ही बाई नवरा कामावरून आला की "लांबून, लांबून!" करत आली होती, आणि अंघोळ झाल्यावरही ती सवय सुटली नव्हती. आता तीच रोज दोन्ही हात धरून ओढून घ्यायची. औषधवाल्यांना ते फार आवडे. इतकं आवडे की एखादे दिवशी ते मुद्दाम कमी घासून नापास होत.

एका आठवड्यात मात्र पाहुणीनं माशीकडे पाठ फिरवली. औषधवाल्यांना वाटलं, माशी शिळी असेल. ताजी आणली. ती पाहुणीच्या डोक्यावरून चालत गेली तरी हिनं हात उचलला नाही. दुसऱ्या दिवशी ती मच्छरदाणीला उलटी लटकली. तिसऱ्या दिवशी सकाळी औषधवाल्यांनी पाहिलं, तर तिचं अंग थरथरत होतं.

आधी खाणं सुटतं, मग थरथर, मग चितपट. जगात दुसऱ्या कुणाला नसेल, पण या माणसाला ही वाक्यं झोपेतसुद्धा पाठ होती.

"मी मारली तिला," ते म्हणाले. "माझ्या हातानं."

"कशावरून?" बायकोनं विचारलं.

"मला काय विचारतेस? आयुष्य गेलं हेच बघण्यात! पण तू तर रोज पास करत होतीस गं. मग कुठे राहिलं?"

बायको पदराशी चाळा करत उभी राहिली. मग एकदम म्हणाली, "मला सर्दी झालीय."

"मग काढा घे. इथे काय..."

"अहो, आठवडाभर झालीय. काही वास येत नाही मला. मी नुसतंच पास म्हणत होते."

औषधवाले तिच्याकडे वळले. "सांगायचं नाहीस?"

"काय सांगणार? सांगितलं असतं तर तुम्ही हात पुढे केले असते का?" तिनं नाक ओढलं. "तुम्हाला एकट्यालाच आवडत होतं का ते?"

रागवावं तर बायको असं बोललेली, आणि आनंद व्हावा तर बरणीत पाहुणी लटकलेली. औषधवाले पंप पाठीला न लावता जिन्यात जाऊन बसले. वरच्या मजल्यावरचे सेक्रेटरी उतरताना म्हणाले, "काय औषधवाले, आज कामावर नाही?" तर हे म्हणाले, "घरात वाईट झालंय." सेक्रेटरींनी घाईघाईनं हात जोडले आणि कुणाचं काय झालं ते न विचारताच सटकले.

बऱ्याच वेळानं आतून हाक आली. "अहो, या बघू."

ते दारातच थबकले. बरणीच्या तळाशी पाहुणी पडली होती. पाय आखडलेले, मान मोडलेली.

"झाकून टाक," ते म्हणाले. "मला बघवत नाही."

पण बायकोनं रबरबँड काढला, आणि इतके दिवस बरणीला बोटही न लावलेल्या त्या बाईनं आत हात घालून ते कलेवर चिमटीत उचललं. उजेडाकडे धरलं. त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती.

"ही पोकळ आहे," ती म्हणाली. "अहो, आत कुणीच नाही. हिनं कपडे बदललेत!"

औषधवाल्यांनी वाकून पाहिलं. काटकीच्या मागे, पोपटी, ओलसर, आधीपेक्षा चांगली मोठी अशी पाहुणी लटकत होती, आणि पाठीवर चुरगळलेले पंख हळूहळू उलगडत होते. तिनं मान वळवून यांच्याकडे पाहिलं. औषधवाले मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. बायकोही रडली, आणि सर्दी असल्यामुळे तिचं रडणं जास्त मोठं वाटलं.

कात त्यांना नवी नव्हती. कपाटांमागे त्यांनी ती ढिगानं पाहिली होती, केर म्हणून भरली होती. पण एखादा किडा ती टाकत असताना बघायला ते थांबले होते कधी? त्यांचं काम औषध मारायचं आणि दार ओढून घ्यायचं.

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी ती पोकळ कात तळहातावर घेतली.

"मी लोकांना सांगत आलो," ते हळूच म्हणाले, "खाणं सुटलं, थरथरायला लागले, की मेलेच म्हणून समजा. दुसऱ्या दिवशी झाडून काढायला लावलं. त्यातले किती जण नुसते कपडे बदलत होते गं?"

बायकोनं नाक पुसलं, आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली.

"ते मला नाही माहीत," ती म्हणाली. "आज जाऊ नका कामाला."

ते गेले नाहीत. पंख वाळेपर्यंत दोघं तिथेच बसून होती.