गायीच्या खुब्यात एकच बंध

घोड्याच्या खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत धरून ठेवायला आतून दोन बंध असतात. गायीच्या खुब्यात एकच, तोही बारीक. म्हणून घोडा सहसा बाजूला लाथ झाडत नाही, गाय खुशाल झाडते. हे मी तोंडी परीक्षेत पोपटासारखं म्हणून दाखवलं होतं आणि परीक्षकांनी मान डोलावली होती. पुढं त्या ज्ञानाचे मी काय दिवे लावले, ते सांगतो.

मी गुरांचा डॉक्टर. येरवड्यात राहायचो. खराडीत तेव्हा शेतं जाऊन आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या आणि माझं काम वर्षागणिक कमी होत होतं. तिथल्या एका मावशींनी जमीन विकून बंगला बांधला, पण गाय काही सोडली नाही. वास्तुशांतीला मला जेवायला बोलावलं आणि हात धरून नवा गोठा दाखवायला नेलं. बंगल्यातल्याच चकचकीत टाइल्स गोठ्यातही घातल्या होत्या.

"आमी असल्या फरशीवर ऱ्हायाचं आन् तिनं चिखलात का म्हून?" त्या म्हणाल्या.

पोटात चार पुरणपोळ्या होत्या. मी म्हणालो, "वा मावशी, अगदी देवघर केलंत."

गाय व्याल्यावर नवव्या दिवशी फोन आला. नुकत्याच व्यालेल्या गायीचं कंबरडं आधीच सैलावलेलं असतं. धुतलेल्या फरशीवर तिचे मागचे पाय दोन दिशांना फाकले आणि ती बसली ती बसलीच. मी खुब्यावर तळवा ठेवून पाय फिरवला, तर आत करकर लागली. बंध तुटून गोळा वाटीबाहेर आला होता.

तिला पोत्यांवर घेतलं, खांबाला दोर बांधला, चौघांना पाय ओढायला लावला. गोळा खट्कन आत बसला. मागचे पाय एकमेकांना बांधून तिला उभं केलं. ती उभी राहिली, वासराला चाटू लागली आणि मावशींनी माझ्यावरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली. सकाळी गोळा पुन्हा बाहेर. पुन्हा बसवला, पुन्हा निसटला. तिसऱ्या दिवशी मला रडू फुटायचं बाकी होतं. घोड्याला दिलास तो जादा बंध हिला दिला असतास तर तुझ्या बापाचं काय गेलं असतं, असं मी देवाला मोठ्यानं विचारलं. ओढणारे चौघं एकमेकांकडं बघायला लागले.

पाचव्या दिवशी तिनं वैरण सोडली. अंगाखालची कातडी सोलवटली होती. कूस बदलली की ती कण्हायची, आणि पलीकडं बांधलेलं वासरू हंबरायचं. आता काही होणार नाही, हे मी मावशींना सांगितलं. त्या तिच्या मानेपाशी फतकल मारून बसल्या होत्या.

"माजंच चुकलं न्हवं?"

मला ते ऐकवेना. मी म्हणालो, "तुमचं नाही हो मावशी. गायीचा खुबाच तसला. गुळगुळीत फरशीवर टिकतच नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आवाजात राग अजिबात नव्हता, खरंच विचारत होत्या.

"हे तुमाला आदीपास्नं म्हाईत व्हतं व्हय?"

मी खांबाचा दोर सोडायला लागलो. गाठ ओलाव्यानं आवळली होती, लवकर सुटेना.