रोज सकाळी शिरणारी परकी

आत्या चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळते. तिच्या हातून गेलेल्या काचेवर बोटाचा ठसा औषधालाही सापडायचा नाही. घरात आम्ही तिला 'फडकं' म्हणतो, अर्थात तिच्या पाठीमागे.

दुकानातल्या संगणकावर सुरक्षेचं नवं सॉफ्टवेअर आलं आणि दुसऱ्याच सकाळी मालकीणबाईंच्या मोबाइलवर सूचना झळकली : 'अनोळखी संगणकावरून तुमच्या खात्यात लॉगिन झालं आहे.' त्या खात्यात सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन आणि डोळ्यांचे नंबर. पासवर्ड दोघींनाच ठाऊक.

"ताई, तुम्ही आत्ता कुठून उघडलंत?"

"इथूनच, मॅडम. माझ्या नेहमीच्या खुर्चीतून."

"मग तुमच्याबरोबर हा दुसरा कोण शिरतोय?"

पासवर्ड बदलला. सकाळी आत्या बसली, की सूचना आलीच. पुन्हा बदलला, पुन्हा तेच. शेवटी बाई नजर चुकवत म्हणाल्या, "काही दिवस दुकानाची किल्ली माझ्याकडे असू दे."

त्या दिवसापासून आत्या बंद शटरसमोर पर्स छातीशी धरून उभी राहायची. इतक्या वर्षांत ते शटर तिनेच उघडलं होतं. घरी जेवताना घास हातातच राही.

"मी झोपेत पासवर्ड बडबडते का हो?"

"माझ्या घोरण्यात ऐकू कोणाला जाणार?" काका म्हणाले. ती हसली नाही.

एका संध्याकाळी मी तिला न्यायला दुकानात गेले. बाई आतल्या खोलीत फोनवर होत्या. आत्याने फ्रेमा पुसल्या, आरसा पुसला, पडद्यावरून फडकं फिरवलं. मग माउस धरून कोपऱ्यातलं झाडूचं चित्र दाबलं.

"हे काय गं?"

"झाडून घेते. नव्या सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे. दुकान झाडायचं आणि यंत्र पारोसं ठेवायचं, असं कसं?"

"रोज?"

"म्हणजे काय! सणासुदीलाच झाडतात होय?"

मी बाईंना हाक मारली. त्या झाडूने कचऱ्याबरोबर खात्याने संगणकात ठेवलेली ओळखीची खूणही निघून जात होती. रोज सकाळी आत्या त्याच खुर्चीत बसायची आणि खात्याला वाटायचं, कोणीतरी नवीनच आलंय.

बाई आधी हसल्या, मग त्यांनी हसू आवरलं.

आत्याला मात्र काही उमगेना. "म्हणजे तो चोर मी?"

"चोर कोणीच नव्हता, ताई."

"मग मी कोणाला घाबरत होते?"

बाईंनी किल्ली काढून काउंटरवर ठेवली. आत्याने ती उचलली, सवयीने फडक्याने पुसली आणि पर्समध्ये टाकली.

दिवा मालवताना तिने पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"मला ओळखावं म्हणून याला घाणेरडंच ठेवायचं?" ती पुटपुटली. "अजब आहे बाई."