मामा अनुत्तीर्ण, म्हैस पहिली

माझ्या लग्नात माझा सख्खा मामा नापास झाला, आणि त्याचा निकाल मीच लावला होता.

यात अतिशयोक्ती नाही. (अतिशयोक्ती पुढं आहे.) आमच्या कंग्राळीच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे आल्या आल्या सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण माझा कुठलाही निश्चय चार वाक्यांपलीकडं टिकत नाही. पदवीनंतर बेळगावातल्या एका कंपनीत नोकरी लागली. काम काय, तर दुसऱ्या कंपन्यांच्या कामगारांसाठी मोबाइलवर शिकायचे कोर्स तयार करायचे. आग लागली तर काय करावं, हात कसे धुवावेत, साहेबाला मेल कसा लिहावा! धडा, चित्रं, आवाज, शेवटी प्रश्न. उत्तरं बरोबर आली की सर्टिफिकेट.

आता हे घरी समजावून सांगा!

"कंपुटरवर धडे रचती," माझे वडील, आप्पा, अभिमानानं सांगायचे.

"मास्तरीण हाय, पण तिला शाळा न्हाय," आई शेजारणींना सांगायची, तेही आवाज खाली करून. माझ्यात जन्मापासून काहीतरी कमी असल्यासारखी.

म्हणून लग्न ठरलं तेव्हा मी मनाशी म्हटलं, सुजाता, हीच संधी! आधीच्या साली चुलतभावाच्या लग्नात नवरा-नवरी कार्यालयात आणि मंगळसूत्र कंग्राळीत, कपाटात, असा प्रकार झाला होता. माझ्या लग्नात असं होणार नव्हतं. माझ्या लग्नात प्रत्येक नातेवाईक प्रशिक्षित असणार होता!

कंपनीचं सॉफ्टवेअर घरच्या लग्नाला वापरता येत नाही. (मी विचारलं होतं.) मग मी एक दुसरंच घेतलं, महिनाभर फुकट मिळणारं. या धंद्यात जे जे नवीन निघालंय ते सगळं त्यात होतं. व्हिडिओ पूर्ण चालल्याशिवाय धडा संपत नाही. ज्याच्या फोनची जी भाषा, त्या भाषेत धडा आपोआप जातो. प्रश्न काढायची कटकट नाही, एआय धडा वाचून प्रश्न काढतं आणि उत्तरंही तेच ठरवतं. कोण पुढं, कोण मागं याची यादी रोज संध्याकाळी घरच्या ग्रुपवर आपोआप पडते. मी सगळ्या बटणांना 'हो' म्हटलं. नवऱ्याला 'हो' म्हणतानासुद्धा माझ्यात एवढा उत्साह नव्हता.

कोर्सचं नाव ठेवलं, 'लग्न'. प्रत्येकाला त्याच्या कामाचा एक धडा. पदकांचे रंग निवडण्यात माझे दोन रविवार गेले. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पहिला दणका आप्पांनी दिला. त्यांना पाहुण्यांच्या स्वागताचा धडा होता, नुसता व्हिडिओ, प्रश्न नाहीत. संध्याकाळी ग्रुपवर यादी पडली. 'प्रथम क्रमांक, आप्पा. सुवर्णपदक!' मला भरून आलं.

"आप्पा, सगळा बघितला?"

"म्या कुठला बघतोय! धार काढताना फोन गोठ्यातल्या फळीवर लावून ठेवला. म्हशीनं बघितला की पुरा. मान बी हलवली न्हाय तिनं!"

दुसरा फोन निपाणीहून आला. आप्पांची थोरली बहीण, माझी आत्या. तिला सगळे आक्काच म्हणतात. तिच्या धड्यात मी स्वच्छ लिहिलं होतं, 'आक्कांनी अक्षता वाटायच्या.'

"सुजे, धडा झाला गं माझा. लई चांगला केलाईस. फकस्त एक सांग, बारीक का जाड?"

मला वाटलं, तांदूळ विचारतेय.

"बारीकच बरं दिसतं, आक्का."

"व्हय, मला बी तसंच वाटलं. करती बारीक."

मी फोन ठेवला. 'करती' या शब्दाशी मी थांबायला हवं होतं. पण मी पदवीधर असल्यामुळं थांबले नाही.

आणि मग मामा.

मामा लोंढ्याला रेल्वेत गँगमन आहे. रोज रूळ तपासत मैलन् मैल चालतो. दहावीला तीनदा बसला आणि तिन्ही वेळा गणितानं अडवला. पण मला बेळगावच्या कॉलेजात घालायची वेळ आली तेव्हा फॉर्म भरायला तोच आलता, कारण आप्पांना तिथल्या खिडक्यांची भीती वाटायची. खिडकीतल्या कारकुनाला त्यानं न विचारता सांगितलं होतं, "आमच्यात नापास एक मी हाय, तेवढा बास. हिला पास करायची हाय!"

आमच्याकडं मामा हाताला धरून नवरीला मांडवात आणतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या मागं उभा राहतो. मामा मागं नाही तर लग्न लग्नासारखं दिसत नाही. अशा या मामाला मी कोर्समध्ये घातलं, आणि लग्नाला सहा दिवस असताना ग्रुपवर यादी पडली.

'आप्पा, प्रथम, सुवर्णपदक! मामा, अनुत्तीर्ण. तिन्ही संधी संपल्या. निराश होऊ नका, पुन्हा अभ्यास करा!' आणि पुढं रडणारं एक पिवळं तोंड.

ग्रुपवर एकूण बावन्न माणसं. व्याही मंडळीसुद्धा त्यातच.

अर्ध्या तासात मामीचा फोन आला. आईनं घेतला, ऐकला आणि माझ्याकडं वळली.

"दादा लग्नाला येत न्हाय म्हणतोय. ताटावरनं उठला."

"आई, मी बघते, मशीनमध्ये काहीतरी..."

"तू काय बी बघू नगंस! माझा भाऊ मागं उभा न्हाय ऱ्हायला तर मी मांडवात पाय ठेवत न्हाय. कर जा तुझं लगीन मोबाइलात. आणि तुझ्या मागं ती म्हैस उभी कर, लई हुशार निघालीया!"

मी लॅपटॉप उघडला. म्हटलं, मामाला दोन मिनिटांत पास करते. पडद्यावर आलं, 'आपली मोफत मुदत संपली आहे. आता आपण कोर्समध्ये बदल करू शकत नाही. आपले विद्यार्थी मात्र शिकत राहतील!' मी सगळी बटणं दाबून बघितली. माझाच कोर्स, माझाच मामा, माझंच लग्न, आणि आत जायला मलाच बंदी!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं लोंढा गाठला. मामा फलाटाच्या टोकाला बाकावर डबा उघडून बसला होता. खात नव्हता. त्याच्या टोळीतली चार माणसं जरा लांब बसून आमच्याकडं न बघितल्यासारखं बघत होती.

"नापास माणसाकडं काय काम काढलंस?"

"मामा, मशीन चुकलं."

"आमचे मास्तर बी हेच म्हणालते. पेपर तपासणारा चुकला म्हणून. तीनदा!" त्यानं फोन माझ्यापुढं धरला. "वाच परश्न."

मी वाचला. वधूला मांडवात कोण घेऊन येतं? मामा, वडील, भाऊ, मैत्रीण.

"म्या काय दाबलं आसंल?"

"मामा."

"चूक आलं. म्हटलं बोट घसरलं. चष्मा पुसून परत 'मामा' दाबलं. चूक! तिसऱ्यांदा तुझ्या मामीला चुलीपासनं उठवलं, म्हटलं तुझ्या बोटानं दाब. तिनं बी 'मामा'च दाबलं. चूक! आता तू सांग. शिकलेली हाईस. बरोबर काय?"

एआयनं कुठल्यातरी परदेशी लग्नातनं उत्तर उचललं होतं. मी एकदा, फक्त एकदा नजर टाकली असती तरी दिसलं असतं. पण मी पदकांचे रंग निवडत होते.

"वडील," मी म्हटलं.

तेवढ्यात मालगाडी आली. मामाला डबे मोजायची सवय. लहानपणी मलाही शेजारी बसवून मोजायला लावायचा. त्या दिवशी त्यानं मोजले नाहीत. गाडी गेली तरी तो रुळाकडंच बघत होता.

"तीस वरसं ह्यो रूळ तपासतोय. माझ्या हद्दीत एक डबा घसरला न्हाय. आनि बावन्न माणसांत माझी भाची मला सांगती, मामा, तुला मामाचं काम येत न्हाय."

आता मात्र मला रडू फुटलं. मी त्याच्या फोनमधली यादीच पुसून टाकायला गेले, तर ती पुसली जायच्या ऐवजी आणखी खाली सरकली. मामानं फोन काढून घेतला.

"थांब, थांब. ह्ये खाली कोण हाय? माझ्या बी खाली?" त्यानं चष्मा वर केला आणि एकेक अक्षर सुटं वाचलं. "सु-जा-ता. शून्य टक्के. सुरुवात केलेली नाही."

कोर्समध्ये नातेवाईक भरताना मी स्वतःलाही भरलं होतं. नवरीचा धडा होता. तो मीच लिहिला होता, म्हणून उघडलाच नव्हता!

"म्हंजे म्या तीनदा बसलो, आनि तू फारमच भरला न्हाईस?"

"व्हय, मामा."

"मग माझ्यापरास ढ कोण?"

"मी."

"न्हाय ऐकू आलं. त्या माणसांना बी ऐकू जाऊ दे. काल त्यांनीच वाचून दाखवला मला माझा निकाल."

"मी ढ हाय!" लोंढ्याच्या फलाटावर मी ओरडले. टोळीतल्या चौघांनी माना डोलावल्या. चहाची किटली घेऊन जाणारा एक माणूस थांबला, मला खालपासून वरपर्यंत बघून "असंल," म्हणाला आणि पुढं गेला.

मामा हसला नाही. पण डब्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली आणि उरलेली स्वतः खाल्ली. मी लगेच आईला फोन केला, "जेवला गं!"

लग्नाच्या दिवशी मामा अंतरपाटाच्या अर्धा तास आधीच फेटा बांधून हजर. माझ्या हाताला धरून त्यानं मला मांडवात आणलं आणि मागं उभा राहिला. आईनं मांडवात पाय ठेवला. मंगळसूत्र जागेवर होतं. मला वाटलं, चला, संपलं! आणि भटजी म्हणाले, "अक्षता वाटा."

आक्का पुढं आली. तिच्या हातात स्टीलची झाकणाची बादली होती. तिनं झाकण काढलं. आत पिवळंधमक पीठ होतं. पातळ, एकजीव, वर छान बुडबुडे आलेलं.

"ह्ये काय?" भटजी.

"अक्षता! रातभर भिजवून पहाटंच वाटल्या. सुजीच म्हणाली, बारीक वाट म्हणून!"

आक्काचा फोन पूर्वी तिच्या सुनेचा होता, आणि सून गोकाककडची. फोन कन्नडमध्येच राहिलेला. माझ्या 'आक्कांनी अक्षता वाटायच्या'चं सॉफ्टवेअरनं करून दिलं होतं, 'अक्का अक्की रुब्बबेकु.' म्हणजे आक्कानं तांदूळ वाटायचे, पाट्यावर! आक्काला कन्नड चांगलं येतं. तिनं सांगितलं तसं केलं. तिला पूर्ण गुण होते.

"ह्ये डोसक्यावर टाकायचं?" व्याह्यांकडच्या एका बाईंनी आपला फेटेवाला नवरा हळूच मागं ओढला.

कुणीतरी आचाऱ्याकडं धावलं. बिर्याणीचा नव्हे, साध्या भाताचा तांदूळ आला, त्याला हळद फासली आणि मुहूर्त कसाबसा साधला. मंगलाष्टकं चालू असताना मागनं कानाशी आवाज आला.

"सुजे, नवरीला मांडवात कोण आणतं?"

"मामा."

"पास," मामा म्हणाला, आणि माझ्या डोक्यावर पहिली अक्षता त्यानंच टाकली.

दुसऱ्या दिवशी पिरनवाडीला, सासरी, माझ्या लग्नाच्या अक्षतांची घावनं झाली. आक्कानं बादली पाठीमागनं पाठवून दिली होती. घावनं मऊ झाली होती, हे सासूबाईंनी अजून कुणाला सांगायचं बाकी ठेवलेलं नाही.

लग्नाला आता दोन वर्षं झाली. मुदत संपल्यामुळं मला त्या कोर्समध्ये शिरता येत नाही, त्यामुळं तो बंदही करता येत नाही. दर सोमवारी सकाळी मला आणि ग्रुपवरच्या बावन्न माणसांना न चुकता आठवण येते, 'सुजाता, आपला लग्न हा अभ्यासक्रम शून्य टक्के पूर्ण आहे. आपण अद्याप सुरुवात केलेली नाही.'

नवरा दर सोमवारी ती मोठ्यानं वाचतो आणि म्हणतो, "मशीन कधीतरी बरोबर असतंय, गं."