एक नंबर, दोन नंबर

नर्सिंगचा निकाल लागला आणि यवतमाळातल्या एका खासगी दवाखान्यात मला नोकरी मिळाली. पहिल्याच दिवशी मेट्रन मॅडमनी एक कागद हातात दिला. कुठल्या विभागात काम करायचंय, तीन पसंत्या क्रमाने लिहून उद्या आणून द्या.

मला ऑपरेशन थिएटर हवं होतं. कारण अजिबात उदात्त नव्हतं. तिथे पेशंट झोपलेला असतो. कुणी ओरडलं की माझे हातपाय गळतात. कॉलेजात लेबर रूमची ड्युटी लागली की मी दोन धिप्पाड मैत्रिणींच्या मागे उभी राहून दिवस काढायचे.

घरी कागद बाबांनी ताब्यात घेतला. बाबा जन्मभर सरकारी कचेरीत बाबू. चष्मा पुसून त्यांनी तो दोनदा वाचला, मागची कोरी बाजूही वाचली.

"एक नंबरवर काय लिहून राह्यली तू?"

"ऑपरेशन थिएटर."

"येडी झाली काय? एक नंबर कधीच भेटत नाही. मी दारव्हा मागतलं, तं केळापूर भेटलं. केळापूर मागतलं, तं दारव्हा. जे पाह्यजे ते दोन नंबरवर टाकाचं, अन् जे नको ते एक नंबरवर."

बदल्यांच्या बाबतीत आमच्या कॉलनीत बाबांचा शब्द शेवटचा. मी मुकाट्याने वर लेबर रूम लिहिलं, खाली थिएटर. तिसऱ्या ओळीत लहान मुलांचा वॉर्ड, कागद भरलेला दिसावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी कागद वाचून मॅडमचे डोळे चक्क भरून आले. "लेबर रूम कोणी स्वतःहून मागत नाही गं!" दहा मिनिटांत मी तिथे उभी होते.

पहिली बाई तांड्यावरची, तिसरं बाळंतपण. तिने आरोळी ठोकली आणि मी भिंतीला टेकून सावकाश खाली बसले. कळ ओसरल्यावर ती आयाबाईंना म्हणाली, "मावशी, आधी तिले पाणी पाजा. मले टाइम हाये अजून." मग मला म्हणाली, "भेऊ नको बाई. ओरडलं का बरं वाटते. तूही ओरड."

पुढच्या कळेला आम्ही दोघी ओरडलो. नेमकी कोण अडली आहे ते बघायला डॉक्टरबाई धावत आल्या. मुलगी झाली. तिला पुसून मीच आईच्या कुशीत दिलं. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा एकदा ओरडले, आता विनाकारण.

बाबांशी मात्र मी आठवडाभर अबोला धरला.

वर्षभराने मॅडमनी पुन्हा तसाच कागद दिला. बाबा चष्मा पुसतच आले. "आता थिएटर वर लिही. खासगीत एक नंबर भेटते, हे मले समजलं आता."

मी आधीच लिहून ठेवला होता. एक, लेबर रूम. दोन, लेबर रूम. तीन, लेबर रूम.

बाबांनी तो दोनदा वाचला. मागची बाजूही पाहिली.

"अख्ख्या नोकरीत असं लिहाची माही हिंमत नाही झाली," ते म्हणाले, आणि जिथे सही करायची तिथे बोट ठेवलं.