बटणवाली मरताना काय म्हणाली

माझी मावशी टीव्हीवर मेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. खरी मावशी त्या वेळी आमच्याच सोफ्यावर, माझ्या शेजारी, मांडीवर परात घेऊन मटार सोलत बसली होती. पडद्यावर नुसता धूर. ठिणग्या उडताहेत, यान कलंडतंय, आणि जळक्या यंत्रावर गाल टेकून, डोळे मिटून मावशी पडलेली. मग तिचे ओठ हलले. आवाज काही आला नाही. यानाचा कप्तान तिच्या तोंडाशी वाकला, त्याने ऐकलं, मान हलवली. संपलं.

मी विचारलं, "मावशी, काय म्हणालीस गं तू?"

"मटार सोल," मावशी म्हणाली.

हाच प्रश्न त्या आठवड्यात हजारो घरांत विचारला गेला. मालिकेच्या कचेरीत पत्रांचे गठ्ठे येऊन पडले. कोणी लिहिलं, ती म्हणाली 'घरी चला'. कोणी लिहिलं, तिचं कप्तानावर प्रेम होतं, ते तिने शेवटी सांगितलं. एका निवृत्त डॉक्टरांनी तर दोन पानं खर्चून मरणाऱ्या माणसाचे स्नायू कसे आपोआप हलतात ते समजावलं होतं. मावशीने एकालाही उत्तर दिलं नाही. मला नको तिथे नाक खुपसायची खोड आहे, पुढे शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा त्या खोडीला पगार मिळायला लागला इतकंच. तरीही या एका प्रश्नाचं उत्तर मिळायला मला एकतीस वर्षं लागली.

मावशी मूळची टायपिस्ट. एका वकिलाच्या कचेरीत दिवसभर टकटक करायची. अवकाशयानाच्या मालिकेसाठी यंत्रावर बसणारी बाई हवी आहे असं कळलं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत सहज गेली. तिथे रांगेत बसलेल्या मुली तिच्यापेक्षा दिसायला उजव्या होत्या, हे ती स्वतःच सांगते. पण बटणं दाबायची वेळ आली की त्या सगळ्या खाली बघायच्या. मावशीची बोटं खाली पळत होती आणि नजर कप्तानाच्या तोंडावर होती. तिला अभिनय येतो का, हे त्या दिवशी कोणी विचारलंच नाही. नंतरही फारसं विचारलं नाही, असं ती म्हणते.

माझ्या आईने, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीने, नाक मुरडलं. "चांगली बसून करायची नोकरी सोडून हे काय?"

"अगं ताई, हीसुद्धा बसूनच करायची आहे," मावशी म्हणाली.

मला एकदा तिने सेट दाखवायला नेलं होतं. घोर निराशा. यान म्हणजे रंगवलेलं प्लायवुड. मावशीच्या यंत्रावर चौसष्ट बटणं होती, त्यातली निम्मी बाटल्यांची झाकणं आणि उरलेली शेगडीची बटणं. मागे हात घातला तर भोक आणि कोळ्याचं जाळं. पण मावशीने त्या चौसष्ट बटणांची एक वही केली होती. कुठल्या बटणाने दार उघडतं, कुठल्याने इंजिन बंद होतं, कुठलं आणीबाणीचं, सगळं लिहिलेलं. बाकीची मंडळी हाताला लागेल ते दाबायची. एकदा तेव्हाच्या दिग्दर्शकाने सांगितलं, "दाब गं काहीतरी." तर ही म्हणाली, "काहीतरी कसं दाबू? मागच्या भागात याच बटणाने आपण हवा बंद केली होती. सगळे मरतील." सेटवर हशा पिकला आणि त्या दिवसापासून तिचं नाव बटणवाली पडलं. प्रेक्षकांनीही तेच उचललं.

आता हादऱ्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावर आहे. दर भागात यानाला दोनतीन तरी हादरे बसायचेच. सेट जमिनीला खिळ्यांनी ठोकलेला, तो कसा हलणार? म्हणून कॅमेरा एका बाजूला कलता करायचे आणि त्याच क्षणी सगळ्या नटांनी दुसऱ्या बाजूला पडायचं. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी कप्तान उजवीकडे पडला, डॉक्टर डावीकडे, आणि दोघं तिघं घाबरून उभेच राहिले. एकाच यानात दोन दिशांचे हादरे! अकरा वेळा चित्रण झालं, अकरा वेळा चुकलं. बाराव्या वेळी मावशी आपल्या खुर्चीवरून मोठ्याने म्हणाली, "एक, दोन, डावीकडे!" आणि सगळे धडाधड डावीकडे पडले. संवादांचे आवाज नंतर भरले जायचे, त्यामुळे ती ओरडली तरी बिघडत नव्हतं. आणि यंत्रासमोर बसलेली असल्याने तिची पाठ कॅमेऱ्याकडे असायची. सात वर्षं लोकांनी तिचा चेहरा कमी आणि पाठ जास्त पाहिली. त्या पाठीमागून ती अख्खं यान पाडत होती.

मी तिला एकदा सुनावलं होतं, "अवकाशात डावं-उजवं काही नसतं."

"अवकाशात नसेल. सेटवर असतं."

दिग्दर्शक व्हायचं तिच्या मनात कधी आलं? मला वाटतं त्या बाराव्या वेळीच. तीन वर्षं ती निर्मात्यांच्या मागे लागली होती, एक भाग मला द्या. सगळे त्यांना साहेब म्हणत. साहेब हसून विषय बदलायचे. पण नेमकं त्याच सुमारास कप्तानानेही तीच मागणी केली. तो रंगभूमीवरचा नावाजलेला नट, आवाज खणखणीत, उंची सहा फूट. त्याच्यापुढे बाटलीच्या झाकणांची मालकीण म्हणजे कोण? तो उघड म्हणायचा, "मी त्या टायपिस्टच्या तालावर पडतो, तेवढं पुरे आहे."

साहेबांनी दोघांना बोलावून घेतलं. मावशीला म्हणाले, "तुला एक भाग देतो. पण खुर्ची एकच मिळेल, ही नाहीतर ती. दोन्हींवर बसलेली बाई मला परवडत नाही. या भागात बटणवाली मरेल. भाग जमला तर पुढचेही तुझे. फसला तर कप्तान करेल, आणि तुझी यानातली जागाही गेलेली असेल."

आई कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी! अगं, तेल गेलं तूप गेलं, हाती धुपाटणं राहील." आईचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. मावशी तेव्हा सदतीस वर्षांची होती, एकटी राहत होती, आणि वकिलाच्या कचेरीतली तिची जागा केव्हाच भरली गेली होती. मावशीने होकार दिला.

चार दिवस मिळाले होते. पहिले तीन दिवस कप्तानाने तिला सळो की पळो करून सोडलं. उशिरा येणं, संवाद विसरणं, ते तर होतंच. पण हादऱ्यांना तो मुद्दाम उलट पडायचा. सगळे डावीकडे, हा एकटा उजवीकडे. वर हात जोडून म्हणायचा, "माफ करा दिग्दर्शकबाई, वयामुळे गोंधळ होतो." वय त्याचं त्रेचाळीस. मावशी दात-ओठ खात पुन्हा चित्रण करायची. चौथ्या दिवशी दुपारी एकच मोठं दृश्य उरलं, तिच्या मरणाचं.

त्यात मावशीचं यंत्र खरंच पेटवायचं होतं. यंत्र एकच. जळालं की जळालं, दुसरं करायला वेळ नाही. म्हणजे चित्रण एकदाच होणार. कथेप्रमाणे स्फोटातच बटणवाली मरते, आणि मग यानाला शेवटचा हादरा बसतो. मावशी मेलेली, म्हणून हादऱ्याची हाक, चित्रणाच्या नोंदी ठेवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी द्यायची असं ठरलं. मावशीने त्यांच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं. मग ती यंत्रावर आडवी झाली आणि सात वर्षांत पहिल्यांदाच हादऱ्याच्या वेळी तिचं तोंड कॅमेऱ्याकडे झालं.

यंत्र पेटलं. धूर हवा होता त्याच्या तिप्पट झाला. आणि मेलेल्या मावशीचे ओठ हलले.

एवढं मला ऐकून माहीत होतं. पुढचंही माहीत होतं. चित्रण संपल्यावर कॅमेरावाल्याने खाली मान घालून सांगितलं, "बाई, तुमचे ओठ हलले. स्पष्ट दिसलंय." यंत्राचा कोळसा झालेला. प्रेत बोललेलं. हातात अर्धा तास.

मावशी काजळीने माखलेल्या तोंडानेच दोन मिनिटं स्टुलावर बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी अजून मेलेले नाही." तिने कप्तानाला बोलावलं. त्याने तिच्या तोंडाशी वाकायचं, ऐकायचं, मान हलवायची, आणि मग ती मरेल. तेवढा एक तुकडा जोडला की झालं.

कप्तान म्हणाला, "मी काय ऐकलं असं समजू?"

"जे ऐकलंत तेच समजा."

त्याने ते एका दमात केलं. इतकं चांगलं काम त्याने सात वर्षांत केलं नव्हतं, असं मावशी सांगते, आणि ती सहसा कोणाचं कौतुक करत नाही.

दोन दिवसांनी साहेबांनी फिल्म पाहिली. मावशी दाराबाहेर उभी होती, माफीचे शब्द घोकत. साहेब बाहेर आले आणि चालता चालता म्हणाले, "पुढचा भागही तूच कर." मग ते जेवायला गेले. मावशीने त्यानंतर एकतीस वर्षं दिग्दर्शन केलं. अवकाशाच्या मालिका केल्या, कौटुंबिक केल्या, एक तर संपूर्ण लिफ्टमध्ये घडणारी केली. प्रत्येक नटाला ती आधी विचारायची, "तुझ्या मागचं दार कुठे उघडतं?" ज्याला सांगता आलं नाही त्याचं चित्रण त्या दिवशी व्हायचं नाही.

पण मला दोन गोष्टींचा उलगडा होत नव्हता. ती काय म्हणाली, ही एक. आणि दुसरी, साहेबांसारख्या खडूस माणसाने तिला पुढचा भाग दिला कसा? एकुलतं एक चित्रण दिग्दर्शकानेच बिघडवलेलं!

गेल्या महिन्यात मावशीने काम थांबवलं. तिच्या घरी आम्ही दोघी जुने भाग संगणकावर लावून याद्या करत होतो. मरणाचा भाग आला. मी चित्र थांबवलं आणि सरळ म्हणाले, "आज सांगितल्याशिवाय मी जेवणार नाही."

"नको जेवूस. तुझं वजन तसंही वाढलंय." मग ती म्हणाली, "डावीकडे."

"काय?"

"'डावीकडे' म्हणाले. नोंदीवाल्या बाईंना धुराने ठसका लागला. मी डोळे मिटून पडलेली, हाक येईना. सगळे खोळंबलेत, कॅमेरा कलायला लागलाय हे कळत होतं. सात वर्षांची सवय. तोंड कॅमेऱ्याकडे आहे हे विसरले आणि म्हणून गेले."

मला हसू आवरेना. हजारो पत्रं, प्रेम, घरी चला, डॉक्टरांचे स्नायू! "इतकंच? आणि तू इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"पहिल्याच भागातली माझी स्वतःची चूक. तिची दवंडी पिटू? सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, बोलायचं नाही. नाही बोलले बिचारे."

"मग साहेबांनी ओठ पाहिले नाहीत?"

"सगळे माझेच ओठ बघतात," मावशी म्हणाली. "साहेबांनी दुसरंच पाहिलं. परत लाव. आणि माझ्याकडे बघू नकोस, कप्तानाकडे बघ."

मी परत लावलं. हे दृश्य मी शंभरदा तरी पाहिलं असेल. धूर, ठिणग्या. कडेला कप्तान उभा. यान कलंडायला लागतं, आणि कप्तानाचा खांदा उजवीकडे झुकतो. स्पष्ट उजवीकडे. पायही उचललेला. एकच चित्रण, एकच यंत्र, आणि तो उजवीकडे निघालेला. तो पडला असता तर मावशीच्या दोन्ही खुर्च्या त्याच्याबरोबर गेल्या असत्या, आणि त्याला ते पक्कं माहीत होतं.

मग मावशीचे ओठ हलतात. कप्तानाचा उचललेला पाय तसाच थांबतो. तो मान वळवून त्या मेलेल्या बाईकडे बघतो, अंग पिळवटून उलटा फिरतो आणि बाकीच्या सहा जणांबरोबर डावीकडे पडतो. चांगला जोरात पडतो. त्याचं कोपर फुटलं होतं म्हणे.

मी विचारलं, "तू त्याला कधी विचारलंस का, की तो का वळला?"

मावशीने यादीत त्या भागापुढे खूण केली.

"विचारायचं काय त्यात?" ती म्हणाली. "पडला ना."